जुनी सीईटी, गावातला अभ्यास आणि आताची पोट्टी

वावरातला_मास्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. ज्याच्याकडे ओलिताची शेती आहे तो दहावीचा निकाल लागला की पोराला अकोल्याला, नागपूरला, नाहीतर थेट लातूरला टाकतो. उरलेली पोरं आमच्या वर्गात येतात, कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्यांची. ती हुशार नाहीत असं कोणी म्हणू नये, मी रोज पाहतो.

माझ्याजवळ जुन्या एमएच-सीईटीच्या, म्हणजे इंजिनीअरिंग-मेडिकलच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, काळातले सराव संच आणि टेस्ट पेपरांचा मोठा गठ्ठा आहे. २०१४ ला इंजिनीअरिंगसाठी देशपातळीवरची जेईई मेन लावली, त्याच्या आधीचा सगळा माल. आत्ताची सीईटी संगणकावर होते, अकरावीवरही प्रश्न येतात, हे माहीत आहे. तरी विचारतो. हे पेपर सरावाला चालतील का? कोणते धडे सोडायचे? आणि ज्यांनी तेव्हा गावात राहून, क्लास न लावता तयारी केली त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. "खूप मेहनत केली" असं नको, तेवढं मीही सांगतो पोरांना.

माझं मत आधीच टाकून ठेवतो, म्हणजे भांडायला बरं. गावच्या पोरासाठी ती जुनी परीक्षाच न्याय्य होती. बोर्डाचं पुस्तक तेच सीईटीचं पुस्तक, चुकलं तर गुण कापत नव्हते, आणि राज्यभर एकाच दिवशी सगळ्यांना एकच पेपर.

लाल_डब्बा

मास्तर, गठ्ठ्यातला उंदरायनं किती खाल्ला ते पहिले सांगा.

वावरातला_मास्तर

केमिस्ट्री पूर्ण. फिजिक्सला तोंड नाही लावलं.

लाल_डब्बा

म्हणजे उंदीर बी आमच्याच बॅचचे.

संत्र्याची_बाग

मी २००८ ला दिली. वरूड तालुका. लोडशेडिंगचा काळ होता. थ्री फेज यायची रात्री, मग बाबा रात्रीच बागेत ओलीत करायला जायचे आणि त्यांच्यासोबत सगळं घर उठायचं. मी तेव्हाच अभ्यासाला बसायची. बाबा मोटर लावून परत येईपर्यंत गणित, ते आले की चहा, मग झोप. वेळापत्रक मी नाही केलं, लाईटनं करून दिलं.

तुम्ही "नेमकं काय केलं" विचारलं म्हणून सांगते. क्लास नव्हता, गाईडही एकच, तेही गल्लीतल्या दादाचं, अर्ध्या उत्तरांवर त्याच्या टिका आधीच मारलेल्या. म्हणून मी आणि माझी मैत्रीण एक खेळ खेळायचो. बोर्डाच्या पुस्तकाचं एक पान घ्यायचं, ती त्यावर चार पर्यायांचे प्रश्न काढायची, मी सोडवायची. दुसऱ्या दिवशी उलट. प्रश्न काढणं सोडवण्याहून अवघड जायचं, कारण तीन चुकीचे पर्यायही खरे वाटतील असे लिहावे लागायचे. ते लिहिताना कळायचं की माणूस कुठं चुकतो. केमिस्ट्रीतले अपवाद माझे त्याच्यातूनच पाठ झाले.

गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स तालुक्याहून आणल्या होत्या. पैसे वाचवायला तोच कागद पेन्सिलीनं भरायचा, खोडायचा, परत भरायचा, कागद पातळ होऊन गोलाच्या जागी भोक पडेपर्यंत. आई म्हणायची, चाळणी झाली आता, टाक.

सेंटर अमरावतीला. मे महिन्यातली अमरावती तुम्हाला माहीत आहे. आईनं ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून दिला होता. दारावर तपासणाऱ्या मॅडमनी खिसा चाचपला, काढ म्हणाल्या. काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "राहू दे बाई, पण आत फोडू नको."

मोहफूल

"आत फोडू नको!" ताई, ऑफिसात बसून एकटाच हसून राह्यलो, साहेब पाहून राह्यला.

बारावी_७९

आमच्या वेळी सीईटीच नव्हती. बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) बेरजेवर मेडिकल, पीसीएमवर (बायोलॉजीऐवजी गणित) इंजिनीअरिंग, संपला विषय. त्या बेरजेत प्रॅक्टिकलचे गुणही होते. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद खोली. ब्युरेट मी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली आणि तिची तोटी कुठल्या बाजूला फिरवायची हे शेजारच्याकडे पाहून शिकलो. शहरातल्या कॉलेजांतल्या पोरांना प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी पडत आणि आम्ही एकेका मार्कानं बाहेर. म्हणून सीईटी आली तेव्हा आमच्या पिढीनं हुश्श केलं. मास्तर, तुम्ही जिला जुनी म्हणता ती आम्हाला नवलाईची होती.

डॉ_काडेचिराईत

सीईटीबद्दल सगळे बोलतात, सेवाग्रामची पीएमटी कोणालाच आठवत नाही का?

आजच्या पोरांसाठी सांगतो. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ ला सुरू केलेली, स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा घ्यायची. निम्म्या जागा महाराष्ट्राला, निम्म्या बाकी देशाला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तर होतंच, पण त्यासोबत गांधी विचारांचा एक वेगळा पेपर असायचा. मेडिकलला देशभर एकच परीक्षा, नीट, आली आणि ती परीक्षा गेली.

आम्ही देवळीकडचे. आश्रम सायकलच्या टप्प्यात, पण गांधी आम्हाला दहावीच्या इतिहासापुरतेच. दिल्ली-केरळची पोरं म्हणे वर्षभर त्यांचं लिखाण वाचून यायची. आमच्या गावात सर्वोदयातले एक म्हातारे काका होते. वडिलांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मी वही घेऊन गेलो, "महत्त्वाचे प्रश्न सांगा" म्हणालो. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि चरख्यावर बसवलं. सूत तुटत होतं, मी चिडत होतो, ते बोलत होते. १९३६ मध्ये गांधी शेगावात, म्हणजे आत्ताच्या सेवाग्रामात, राहायला आले ते काय शोधत. १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, त्यातून नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची पद्धत, कशी उभी राहिली. गांधींच्या भाषेत विश्वस्त म्हणजे कोण, आणि गावातला सावकार विश्वस्त का नाही होऊ शकत. या शेवटच्या मुद्द्यावर काका सावकाराचं नाव घेऊन बोलायचे, ते पेपरात लिहिता येण्यासारखं नव्हतं.

माझी निवड नाही झाली. सीईटीतून यवतमाळच्या सरकारी मेडिकलला लागलो. पण त्या उन्हाळ्यात पाठ केलेले बायोलॉजीचे तक्ते केव्हाच विसरलो, काकांचं बोलणं नाही विसरलो.

लाल_डब्बा

डॉक्टरसाहेब, म्हणून तपासायची फी खादीच्या भावानं घेता का?

डॉ_काडेचिराईत

खादीचा भाव पाहिला का तू इतक्यात? परवडणार नाही तुला.

बर्डीवरचा

जरा कडू बोलतो, राग मानू नका. या धाग्यावर जे लिहून राह्यले ते सगळे लागलेले आहेत. वरूडच्या ताईसोबत त्या वर्षी तालुक्यातून किती जणांनी फॉर्म भरला आणि त्यातले किती लागले, कोणी विचारलं का? जे नाही लागले ते इथं आठवणी लिहायला नाहीत. ते वावरात आहेत, नाहीतर चाकण-रांजणगावला कंपनीत.

मास्तरांच्या तीन कारणांपैकी दोन आजही जशीच्या तशी आहेत. सीईटी आजही बोर्डाच्याच पुस्तकावर आहे. उणे गुण आजही नाहीत. राहिला एकच पेपर, एकच दिवस. त्यात कसला न्याय? त्या दिवशी पोराला ताप आला की वर्ष गेलं. जेईई मेन २०१९ पासून वर्षात एकाहून जास्त वेळा होते, ते मला जास्त माणुसकीचं वाटतं.

परीक्षा फार नाही बदलली. बदलली ती बाजूच्या बाकावरची पोरं. तेव्हा नागपूरचं पोरगंही बोर्डाचंच पुस्तक वाचायचं, फारतर दोन गाईडं जास्त. आज तिकडचं पोरगं नावापुरतं कुठल्यातरी कॉलेजात असतं आणि दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ जेईईचं करतं. सीईटी त्याच्यासाठी जाता जाता द्यायचा पेपर. मास्तर, तुमच्या गठ्ठ्यानं ते अंतर कसं भरून निघणार?

वावरातला_मास्तर

बर्डीवाले भाऊ, हेच तर मी म्हणून राह्यलो, फक्त तुम्ही नीट मांडलं. परीक्षा पुस्तकाच्या जवळची होती तेव्हा शहरातल्या पोरालाही पुस्तकाकडेच यावं लागायचं. आमचं पोरगं पुस्तकात त्याच्या बरोबरीचं होतं. आज दोघं एकाच सीईटीला बसतात, पण एकानं तिच्याहून कठीण दोन परीक्षांचा अभ्यास करून ठेवलेला असतो. ताप येण्याचं म्हणाल तर ते खरं, पण आमच्याकडे दुसऱ्या संधीचीही फी भरावी लागते आणि दुसऱ्यांदा शहरात जाऊन राहावं लागतं.

पिंकू_२०१४

आमच्या बॅचचं कोणी नाव घेईना म्हणून मीच लिहितो. २०१४ आणि २०१५, दोन वर्षं महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला सीईटी नव्हती. जेईई मेनचे ५० टक्के आणि बारावीचे ५० टक्के धरून मेरिट. २०१६ ला सीईटी परत आली. म्हणजे आम्हीच मधले, उखळात सापडलेले.

आमच्या कॉलेजात त्या वर्षापर्यंत एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाचं, पुस्तक कोणी पाहिलेलं नव्हतं. सर आम्हाला म्हणाले, "मीही तुमच्याचसोबत वाचतो." आणि खरंच वाचलं त्यांनी, रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर, आम्ही चार-पाच जण आणि ते. अकरावीचा अभ्यास आम्ही पास होण्यापुरता केला होता, जेईईला तर अकरावी-बारावी दोन्ही. त्यात उणे गुण. बरोबरला चार, चुकलं की एक जातो. सीईटीवाल्या मोठ्या भावानं शिकवलेलं, "काहीच रिकामं सोडू नको, सगळे गोल भर." त्याच्या काळात ते बरोबर होतं. मी ऐकलं. पुढचं सांगत नाही.

मास्तर, जुना गठ्ठा देणार असाल तर पोरांना एवढं मात्र बजावून सांगा, कोणत्या परीक्षेत सगळं भरायचं आणि कोणत्या परीक्षेत हात आवरायचा. सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईई आणि नीटमध्ये तोच नियम लावला की बुडाले.

शकुंतला_फॅन

पारावरून आठवलं. मी कारंज्याचा. आमची अभ्यासाची खोली म्हणजे शकुंतला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी, ११३ किलोमीटरला अख्खा दिवस खायची. इतकी हळू की खिडकीत बसून एक धडा आरामात व्हायचा, मधल्या स्टेशनावर उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. मेडिकल, इंजिनीअरिंग काही नाही झालं, पण ऑर्गॅनिक मला आजही येते.

लाल_डब्बा

गाडी बंद झाली आन् विदर्भातून केमिस्ट्री गेली. उंदरायचा दोष नाही मग.

तूरडाळ

गप्पा मस्त चालल्या आहेत, पण मास्तरांनी विचारलं होतं कोणते धडे सोडायचे. दारव्ह्याकडच्याच एका कॉलेजात गणित शिकवते, वर केमिस्ट्रीही बघावी लागते, म्हणून लिहिते.

बोर्डाची पुस्तकं अकरावीला २०१९ आणि बारावीला २०२० मध्ये बदलली. तुमचा माल त्याच्याही मागच्या पुस्तकांच्या काळातला. त्यामुळे पेपर जसाच्या तसा लावू नका, प्रश्न कापून धड्यानुसार गठ्ठे करा. फिजिक्समध्ये गुरुत्वाकर्षण आणि स्थितिस्थापकता पूर्वी बारावीत होती, आता अकरावीत गेली. ते प्रश्न फेकायचे नाहीत, अकरावीच्या मुलांना द्यायचे. उलट बारावीच्या आताच्या पुस्तकात थर्मोडायनॅमिक्सचा अख्खा धडा आहे, त्यावर जुन्या संचांत तुम्हाला फारसं काही मिळणार नाही, प्रश्न स्वतः काढा. दोलन, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर हे सगळं आजही तेच. त्या काळचे प्रश्न उलट बरे, एका सूत्रावर एक प्रश्न, पाया पक्का होतो.

गणितात अवकलन, संकलन, सदिश, रेषायुग्म, तर्कशास्त्र डोळे मिटून घ्या. वर्तुळ जुन्या गठ्ठ्यात बारावीचं म्हणून असेल, आता अकरावीच्या पुस्तकात आहे आणि सीईटीतल्या अकरावीच्या २० टक्क्यांत येतं. केमिस्ट्री तर उंदरांनी खाल्लीच. पण पोरांना एक गोष्ट सांगा. घनावस्था, बहुवारिकं (पॉलिमर) हे धडे नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमातून २०२४ ला वगळले. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात ते आहेत आणि सीईटीलाही आहेत. क्लासच्या व्हिडिओत "हे डिलीट झालं" ऐकून पोरं तो धडा सोडून देतात आणि सीईटीत हमखास मिळणारे मार्क घालवतात. हे मी दरवर्षी पाहते.

आता वेळेचं. १०० प्रश्न फिजिक्स-केमिस्ट्रीचे, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. हे गणित तेव्हाही असंच होतं. त्यामुळे तुमचे पेपर सरावाला चालतील, फक्त घड्याळ लावून सोडवून घ्या. वर्गात ४०-४० मिनिटांच्या तासात नाही, सलग ९० मिनिटं बसवा. आपल्या पोरांना उत्तर येतं, पण इतका वेळ बसायची सवय नसते.

बर्डीवरचा

तूरडाळ ताई, हे कामाचं. एवढ्यासाठी धागा उघडा ठेवला तरी फिटलं. तरी माझा मुद्दा तोच. ५४ सेकंदात जेईईवाला पोरगा उत्तर पाहून सोडतो, आपलं पोरगं सूत्र आठवत बसतं.

तूरडाळ

मग सूत्र आठवायला लागू नये एवढा सराव द्यायचा. त्याला क्लास लागत नाही, कागद लागतो. आणि जेईईवाला प्रत्येक वेळी पुढे असतोच असं नाही. बोर्डाच्या पुस्तकातल्या एखाद्या आकृतीखालच्या ओळीवर प्रश्न आला की त्याचीही गाडी अडते.

मोहफूल

मी गडचिरोलीचा. पुस्तकाचं झालं, आता संगणकाचं बोला. २०१९ पासून सीईटी संगणकावर. आमच्या भागात पोट्टे मोबाईल पट्टीचे चालवतात, पण माउस? बोट लावून स्क्रीन सरकवायला पाहतात. सिरोंच्यावरून जिल्ह्याचं ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास, परीक्षा केंद्र कधी त्याच्याही पुढं. रात्रभर बसमधून येऊन सकाळी पहिल्यांदा माउस पकडला तर पहिली दहा मिनिटं त्याच्यातच जातात.

मी काय करतो सांगतो. ग्रामपंचायतीचा संगणक रविवारी मागून घेतो. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव चाचणीची लिंक असते, ती उघडतो. नेट नसलं तर नुसतं चित्रावर क्लिक करायचा खेळ लावून देतो. पुढचा प्रश्न, मागचा प्रश्न, परत पाहायला खूण करून ठेवणं, एवढं हाताला बसलं पाह्यजे. कच्चं काम कागदावर आणि उत्तर स्क्रीनवर, ही नजरेची ये-जा पण शिकावी लागते. तुमचे कागदी पेपर सोडवताना पोरांना प्रश्नाच्या कागदावर काही लिहूच देऊ नका, वेगळा कोरा कागद द्या. जुन्या पेपरचा नव्या परीक्षेसाठी हाच सगळ्यात मोठा उपयोग.

वावरातला_मास्तर

कोरा कागद वेगळा! हे डोक्यात आलंच नव्हतं. उद्यापासून.

सेतूवाला

मी महा ई-सेवा केंद्र चालवतो. तुम्ही सगळे धडे-धडे करून राह्यले, पण जूनमध्ये माझ्याकडे जी रांग लागते ती धड्यांची नसते. पोरगं मेरिटमध्ये येतं आणि कागदात अडकतं.

जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१, एससीला १९५०. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा, नाही तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. शाळा पडली, रजिस्टर वाळवीनं खाल्लं, आजोबा शाळेतच गेले नाहीत, असं काहीतरी दर घरी निघतं. मग चुलत आजोबा शोधा, वंशावळ जुळवा. हे जूनमध्ये नाही होत बाप्पा. नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला वेगळे.

आणि मुलींच्या बापांसाठी. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजची ट्यूशन फी माफ आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतला पाहिजे. गावात अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही. ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या पोरांना नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेकडून सीईटी, जेईई, नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो. मास्तर, तुमच्या कोरडवाहूवाल्यांपैकी बरेच त्यात बसतील. जाहिरात आली की फॉर्म भरा, फक्त टॅबवर गेम टाकू देऊ नका.

संत्र्याची_बाग

मुलींच्या फीचं वाचून बर्डीवाल्या भाऊंना उत्तर द्यावंसं वाटलं. तुम्ही विचारलं ना, बाकीच्यांचं काय झालं. ज्या मैत्रिणीसोबत मी प्रश्न काढायची, तिला सीईटीत माझ्यापेक्षा जास्त गुण होते. नंबर नागपूरला लागला. होस्टेल, मेस, चार वर्षांची फी, घरच्यांनी हिशेब मांडला आणि पाठवलं नाही. तिच्या भावाला त्याच वर्षी गाडी घेऊन दिली. परीक्षा न्याय्य होती की नाही यावर तुम्ही दोघं भांडा, तिचं परीक्षेत काहीच अडलं नव्हतं.

बर्डीवरचा

ताई, माझ्याजवळ उत्तर नाही.

डॉ_काडेचिराईत

मेडिकलवाल्यांसाठी एक भर घालतो, कारण पेपरच्या धाटणीपेक्षा आमच्या भागाला याचा फरक जास्त पडला. राज्याच्या मेडिकल कोट्यात ७०:३० चा प्रादेशिक नियम होता. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, ३० टक्के राज्यभराच्या मेरिटवर. विदर्भात सरकारी कॉलेजं मराठवाड्यापेक्षा जास्त, त्यामुळे आपल्याकडे कमी गुणांवर लागायचं. सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम गेला. मराठवाड्यातल्या पोरांच्या दृष्टीनं बरोबरच झालं, तिकडची पोरं जास्त गुण घेऊन बाहेर राहायची. पण "आमच्या मामाचं पोरगं इतक्यावर लागलं होतं" हा हिशेब गावात अजून चालतो. जुने कटऑफ जुन्या पेपरांसोबत देऊ नका मास्तर, पोरं त्यावर विसंबतात.

पिंकू_२०१४

नीटवाल्यांसाठी तर जुनंच नवं झालं. २०२१ पासून पर्यायी प्रश्न दिले होते, २०० पैकी १८० सोडवायचे, वेळ नंतर २० मिनिटं वाढवली. २०२५ ला पुन्हा सरळ १८० प्रश्न, ३ तास. माझ्या भाच्याला त्याच्या मोठ्या बहिणीचे २०१९-२० चे पेपर दिले, धाटणी तंतोतंत जुळली. त्यामुळे रद्दीवाल्याला घाईनं काही देऊ नये, सरकार कधी परत फिरेल सांगता येत नाही. धडे मात्र तूरडाळ ताईंनी सांगितले तसे तपासून घ्या.

बारावी_७९

म्हणजे माझ्या वेळची बारावीची बेरीजही परत येईल म्हणता? ब्युरेट शोधून ठेवतो.

वावरातला_मास्तर

सगळ्यांचे आभार. मी काय ठरवलं ते सांगतो, चुकत असेल तर आत्ताच बोला.

फिजिक्स आणि गणिताचे प्रश्न कापून धड्यानुसार पाकिटं करणार, अकरावीची वेगळी, बारावीची वेगळी. आठवड्यातून एकदा सलग ९० मिनिटं, प्रश्नाच्या कागदावर एक रेघही नाही, कच्चं काम वेगळ्या कागदावर. थर्मोडायनॅमिक्ससाठी वरूडच्या ताईंचा खेळ, पोरंच प्रश्न काढतील, चुकीचे पर्यायही त्यांनीच लिहायचे. बाकीच्या धड्यांनाही हेच लावून पाहतो, कारण बर्डीवाल्या भाऊंच्या जेईईवाल्या पोरासमोर माझ्या पोरांकडे पुस्तकाचीच ताकद आहे. केमिस्ट्रीचे संच कोणाकडे असतील तर मला निरोप करा, पोस्टाचा खर्च देतो. शाळेतला एक संगणक चालू आहे, दुसरा चालू करायला दुरुस्तीवाला गाठतो. आणि वैधतेच्या कागदांसाठी या शनिवारी पालकांची सभा लावतो, सेतूवाले भाऊ, तुम्ही येता का बोलायला? चहा-आलूबोंडा आमच्याकडे.

सेतूवाला

येतो. पालकांना म्हणा आजोबांच्या शाळेचं नाव विचारून या. गावाचं नाही, शाळेचं.

तूरडाळ

केमिस्ट्रीचे दोन संच माझ्याकडे आहेत, बस कंडक्टरच्या हाती पाठवते. परत हवेत. आणि त्यावर पोरांना टिका मारू देऊ नका.

बर्डीवरचा

टेस्टचे गुण इथं टाकत जा मास्तर, नावं न देता. तीन महिन्यांनी पाहू किती फरक पडतो. मला खोटं ठरवलं तर नागपूरचे तर्री पोहे माझ्याकडून.

लाल_डब्बा

मास्तर, ती ९० मिनिटांची टेस्ट बाजाराच्या दिवशी नका ठेवू. त्या दिवशी अर्धे पोट्टे भाजीच्या गाडीवर असतात. बाकी कोणताही दिवस ठेवा, माझ्या पुतण्यालेही पाठवतो.

वावरातला_मास्तर

बाजार मंगळवारी. टेस्ट गुरुवारी. पुतण्याला घड्याळ घेऊन पाठवा, मोबाईल नाही.